काळ्या दगडाचें माहेर

आपल्या कुळाची हकीकत सांगण्याचा कोणासहि आळस नसतो. मूळ पुरुष कोठून आला, वाडा कोणत्या पिढींत उभा राहिला, कुलदेवता कोठली, नवस कोणीं बोलला आणि कोणीं फेडला, हें सर्व घरोघरीं मुखोद्गत असतें. पण ज्या जमिनीवर तें कूळ वाढलें, ज्या दगडाच्या जोत्यावर तो वाडा उभा आहे, त्यांची हकीकत विचारली असतां चांगलीं सुशिक्षित माणसेंहि घुटमळतात. "हा दगड आला कोठून?" असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर "खाणींतून" एवढें उत्तर देऊन आपण त्याला पाढे म्हणावयास बसवितों. खाणींत तो कोठून आला, हा त्याच्या मनांतला खरा प्रश्न तसाच राहून जातो. त्या राहून गेलेल्या प्रश्नासंबंधीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. विषय वरवर पाहतां भूगर्भशास्त्रज्ञांचा. परंतु आमच्या घरीं तो एका उन्हाळ्यांत थेट माजघरापर्यंत येऊन पोंचला. म्हणून एका गृहिणीनें त्यांत तोंड घातलें, तर वाचकांनीं राग मानूं नये.

माझें माहेर रत्नागिरीकडचें. तिकडे घराच्या भिंती, विहिरीचें बांधकाम, आगराभोंवतालचे गडगे, सगळें जांभ्या दगडाचें. जांभा रंगानें तांबडा, अंगानें सच्छिद्र. नुकता खणून काढला असतां हत्यारानें सहज तासतां येतो आणि वाऱ्याउन्हांत राहिला कीं टणक होतो. लग्न होऊन मी देवळ्यास आलें, तेव्हां सर्वांत प्रथम डोळ्यांत भरला तो येथला काळेपणा. वाड्याचें जोतें काळें, पाटा-वरवंटा काळा, उखळ काळें, रस्त्यावरची खडी काळी आणि शेतांतली माती तर काळी कुळकुळीत. मला त्या रंगाचें पहिल्या पहिल्यानें ओझेंच वाटे. सासूबाईंच्या तें ध्यानांत आलें असावें. एकदां देवापुढें वात लावतां लावतां त्या म्हणाल्या, "अग, पंढरीचा राणा सुद्धां याच रंगाचा. डोळ्यांना संवय झाली, कीं हाच रंग गोड वाटूं लागतो." त्यांचें म्हणणें खरें ठरलें. पण हा रंग कोठून आला हें समजावयास मला पुढें कित्येक वर्षें लागलीं.

देवळें हें गांव गिरणेच्या खोऱ्यांत वसलें आहे. सह्याद्रींत उगम पावलेली गिरणा कळवणावरून, आमच्या तालुक्यांतील लोहोणेरावरून पुढें मालेगांवाकडे जाते आणि खानदेशांत तापीला मिळते. दक्षिणेस सातमाळ्याची रांग. तींत चांदवडचे डोंगर आणि शेंडीसारखा माथा मिरविणारा धोडप. पश्चिमेस सप्तशृंगीचा गड. वायव्येस साल्हेर आणि मुल्हेर. त्यांतला साल्हेर १,५६७ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रांत कळसूबाईच्या खालोखाल. या डोंगरांकडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत पाहिलें, तर त्यांच्या घडणीतली एक विलक्षण गोष्ट कोणाच्याहि लक्षांत येईल. ते पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. खालीं उतार, त्यावर उभा कडा, पुन्हां उतार, पुन्हां कडा. एका डोंगरावरची पायरी दुसऱ्या डोंगरावरच्या पायरीशीं जवळजवळ एका सुतांत असते. जणुं कोणी गवंड्यानें दोरी धरून रेघा मारल्या आहेत.

शास्त्रज्ञांनीं या प्रदेशाला दिलेलें नांवहि या पायऱ्यांवरूनच पडलें आहे. १८३३ सालीं विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें दख्खनच्या एका भागाच्या भूरचनेवर लेख प्रसिद्ध केला. अशा काळ्या, थरांच्या खडकाला युरोपांत 'ट्रॅप' म्हणत. तो शब्द मूळ स्वीडिश भाषेंतला असून त्याचा अर्थ जिना असा आहे. तेव्हांपासून आपल्या डोंगरांना सर्व जगांत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. दख्खनच्या पायऱ्या! आपण ज्या पायऱ्या रोज पाहतों, त्यांची कीर्ति सातासमुद्रांपलीकडच्या पाठ्यपुस्तकांत गेली आहे, आणि आपल्या मुलांना मात्र व्हेसुव्हियसचें चित्र काढतां येतें.

माझा पुतण्या पुण्यास भूगर्भशास्त्र शिकला. सुटींत आला, कीं रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत त्याच्याभोंवतीं मुलांचा घोळका जमे, आणि आम्ही बायकाहि हातांतलें काम न थांबवितां त्याचें बोलणें ऐकत असूं. त्यानें पहिल्याच दिवशीं मला एक धक्का दिला. "काकू, तुम्हांला वाटतें हे डोंगर कोणीं तरी वर उचलले. तसें नाहीं. येथें पूर्वीं सगळा सपाट माळ होता, आणि तो या शिखरांहूनहि उंच होता. नद्यांनीं आणि पावसानें तो कोरून नेला. जें कोरावयाचें राहिलें, त्याला आपण डोंगर म्हणतों."

मग तो माळ झाला कसा? सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं या प्रदेशांत जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वर आला. ज्वालामुखी म्हटला, कीं आपल्या डोळ्यांपुढें निमुळता डोंगर, त्याच्या माथ्यावर तोंड आणि तोंडांतून धूर असें चित्र येतें. दख्खनमध्यें बहुतेक ठिकाणीं तसें झालें नाहीं. दूध उतूं जाऊन ओट्यावर पसरावें, तसा तो रस भेगांतून उतूं जाऊन सपाटीवर पसरला. पृष्ठभाग निवून त्यावर साय धरे, पण आंतला रस पातळच राही आणि पुढें पुढें सरके. मागून येणाऱ्या रसाच्या दाबानें वरची साय उचलली जाई, आणि भाकरी तव्यावर फुगावी तसा तो थर जाड होई. असा रस फार दूर जाऊं शकतो. आंध्रांत राजमहेंद्रीजवळ सांपडणारे थर पश्चिमेकडूनच सुमारें एक हजार किलोमीटर वाहत गेले असावेत, असें संशोधकांचें मत आहे.

ज्या भेगांतून रस वर आला, त्यांपैकीं पुष्कळ भेगांत शेवटचा रस तसाच गोठून राहिला. भोंवतालचा खडक झिजला, म्हणजे हा गोठलेला रस भिंतीसारखा उघडा पडतो. धुळें आणि नंदुरबार या भागांत अशा भिंती शेंकडों आहेत. त्यांतल्या बहुतेक पूर्व-पश्चिम धांवतात आणि कांहीं तर कित्येक किलोमीटर लांब आहेत. खानदेशांत प्रवास करणाऱ्यांनीं माळावरून सरळ गेलेली काळ्या दगडांची रांग पाहून ती कोण्या जुन्या राजाची तटबंदी समजावी, इतकी ती रेखीव असते. मुलांनीं अर्थातच विचारलें, "मग लोणारचें सरोवर म्हणजे ज्वालामुखीचें तोंड ना?" तर तेंहि नव्हे. लोणारचा सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें झाला, आणि तोहि हा खडक निवून कोट्यवधि वर्षें लोटल्यावर.

या प्रकाराचें प्रमाण किती प्रचंड होतें, हें आंकड्यांवांचून समजत नाहीं. आज हा काळा खडक सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. झिजून गेलेला आणि समुद्राखालीं दडलेला भाग निराळाच. महाराष्ट्राची चार पंचमांश भूमि त्यानें व्यापली आहे. सह्याद्रीजवळ त्याची एकंदर जाडी २,००० मीटरांहून अधिक भरते, आणि पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळें कोयनेचा परिसर शास्त्रज्ञांच्या नजरेंत आला. तेथें पुढें खोल छिद्रें पाडण्यांत आलीं, तेव्हां सुमारें ९३० मीटर काळा खडक संपल्यावर खालीं एकदम जुनाट ग्रॅनाइट लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस तशीच तपासणी झाली. तेथें हा खडक सुमारें ३४० मीटरच भरला. म्हणजे ज्याला आपण दख्खनचा कातळ म्हणतों, तोहि एका फार जुन्या भूमीवर पसरलेला गालिचाच आहे.

आणि हा सर्व पसारा मुख्यतः १० लाख वर्षांच्या आंतच झाला. आपल्या हिशेबानें हा काळ अनंत. पृथ्वीच्या हिशेबानें घटकाभर. अशा एका उद्रेकाची थोडीफार कल्पना यावी, म्हणून पुतण्यानें आइसलंडांतील लाकीची गोष्ट सांगितली. तेथें १७८३ सालीं अशीच एक लांब भेग पडली आणि आठ महिने शिलारस वाहिला. रसानें माणसें फारशीं मेलीं नाहींत. परंतु विषारी वायूंनीं गवत जळालें, गुरें मेलीं आणि मागून आलेल्या दुष्काळांत त्या बेटावरचीं शेंकडा वीस माणसें नाहींशीं झालीं. लाकीचा रस सुमारें १५ घन किलोमीटर होता. दख्खनचा सगळा रस लाखों घन किलोमीटर भरतो. हें ऐकून जाऊबाईंच्या हातांतली शेंग तशीच राहिली.

आतां कोणीहि विचारील, कीं असा उत्पात नेमका येथेंच कां व्हावा? जपान, इटली, जावा इत्यादि ठिकाणचे ज्वालामुखी भूकवचाच्या मोठमोठ्या तुकड्यांच्या कडांना आहेत. एक तुकडा दुसऱ्याखालीं शिरतो, तेथें खडक वितळतो. दख्खन तर खंडाच्या पोटांतला भाग. याचें उत्तर पुष्कळ संशोधक असें देतात, कीं त्या वेळीं भारत आजच्या जागीं नव्हताच. आपली भूमि दक्षिण गोलार्धांतून उत्तरेकडे निघाली होती आणि वर्षाला सुमारें १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, या वेगानें चालली होती. हिमालय अद्याप जन्मास यावयाचा होता. वाटेंत ती पृथ्वीच्या अंतरंगांतून वर येणाऱ्या एका अतितप्त प्रवाहावरून गेली. त्या प्रवाहाचें आजचें ठिकाण म्हणजे मादागास्करच्या पूर्वेकडील रेयुनियों बेट. तेथला ज्वालामुखी अजून जागृत आहे. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या बेटांची समुद्रांतली रांग म्हणजे भारत पुढें निघून गेल्यावर मागें उमटलेलीं पावलें, असें हे लोक मानतात. दुसरे कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात, कीं त्याच सुमारास भारतापासून सेशेल्स बेटांची भूमि तुटून वेगळी होत होती. त्या ताणामुळें कवच फाटलें आणि रसाला वाट मिळाली. दोन्ही कारणें एकत्र आलीं असणेंहि शक्य आहे. मला या चर्चेंतलें एकच वाक्य अगदीं मनांत ठसलें: आमचें देवळें एके काळीं विषुववृत्ताच्या पलीकडे होतें! सासरीं आलेली मी एकटीच नव्हे. ही सगळी भूमिच दुरून चालत आली आहे.

येथवरचा भाग अद्भुत खरा. पण याहूनहि जी गोष्ट मला मोलाची वाटते, ती पुढेंच आहे. हे थर एकामागून एक सलग पडत गेले नाहींत. एक थर पडे, निवे, आणि मग कधीं शंभर, कधीं हजारों वर्षें शांततेंत जात. त्या अवकाशांत पाऊस पडे, खडकाचा माथा कुजून माती होई, तळीं सांचत, झाडें वाढत. नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें गेल्याच्या आधींच्या शतकांत दोन थरांमधल्या गाळांतून शिंपले, फळें आणि पानें यांचे अवशेष गोळा केले. मुंबईस वरळीच्या टेकडींत अशाच मधल्या थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सांपडले, आणि १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. खालीं आग निवलेली, वर आग यावयाची, आणि मधल्या सवडींत बेडकांनीं आपला संसार थाटलेला! चंद्रपुराकडे पिसदुरा येथें तर त्या काळांतल्या अजस्र डायनोसॉरांचीं हाडें मिळालीं आहेत. ते प्राणी याच सुमारास पृथ्वीवरून नाहींसे झाले. मेक्सिकोंत चिक्सुलुब येथें कोसळलेल्या प्रचंड अशनीनें त्यांचा घात केला, हें मत आज बलवत्तर आहे. दख्खनच्या वायूंचा त्यांत वांटा किती, यावर पंडितांचा वाद चालूच आहे.

आतां आमच्या घराकडे वळतें. २०१३ सालचा उन्हाळा. आदल्या वर्षीं पावसानें दगा दिला होता आणि महाराष्ट्रांतले कित्येक जिल्हे पाण्यासाठीं तळमळत होते. मळ्यांतली आमची विहीर आजेसासऱ्यांनीं खणलेली. घडीव दगडांनीं बांधून काढलेली, पन्नास फुटांची. तिनें फाल्गुनांतच तळ दाखविला. धाकट्या भाऊजींनीं दोन वर्षांपूर्वीं मोठ्या उमेदीनें डाळिंबाची बाग लावली होती. ती नुकती धरावयास लागलेली. ते म्हणाले, "पांचशें फूट बोअर घेऊं. यंत्र आणावयाचें, एका रात्रींत काम होतें." थोरले भाऊजी म्हणाले, "आजोबांच्या विहिरीच्या उशाशीं बोअर घ्यावयाचा नाहीं. विहिरीचें उरलेलें पाणीहि तो ओढून नेईल." एवढ्यावरून बोलणें वाढलें. पैसा सामाईक, मळा सामाईक, विहीर सामाईक. पण बागेवर जीव एकाचा. शब्दाला शब्द लागत गेला, आणि ज्या घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवल्या, त्या घरांत प्रथमच वाटणीचा शब्द उच्चारला गेला. त्या रात्रीं आम्हां तिघी जावांना झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या दोघांनाहि विहिरीवर घेऊन गेला. मीहि मागून गेलें. पाणी नसल्यामुळें बांधकामाखालचा उघडा खडक तळापर्यंत दिसत होता. तो पायऱ्यांनीं खालीं उतरला आणि हातांतल्या काठीनें एक एक थर दाखवूं लागला. वर दोन-तीन हात काळी माती. तिच्याखालीं मुरूम. मुरमाखालीं ठिसूळ खडक, भोंकाभोंकांचा; तीं भोंकें म्हणजे रसांतले वायूचे बुडबुडे, आणि त्यांत मागाहून पांढरे स्फटिक सांचलेले. त्याखालीं पुन्हां टणक काळा कातळ, उभ्या भेगांनीं चिरलेला. आणि त्याच्याहि खालीं, तळापासून पुरुषभर उंचीवर, हातभर जाडीचा एक तांबडा पट्टा, विटेसारखा. "हा पट्टा म्हणजे एके काळची जमीन," तो म्हणाला. "खालचा थर निवल्यावर पुष्कळ वर्षें येथें उघडें रान होतें. त्याची माती झाली. मग वरचा रस आला आणि ती माती भाजून निघाली." त्या पट्ट्याच्या वरच्या कडेनें, बरोबर सांध्यावर, ओल दिसत होती. सबंध विहिरींत पाणी तेवढ्याच रेघेंतून पाझरत होतें.

मग त्यानें जें सांगितलें, तें मी माझ्या शब्दांत मांडतें. आपल्या काळ्या कातळाच्या अंगांत पाणी मुरत नाहीं. तें राहतें कुजलेल्या मुरमांत, कातळाच्या भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यावर. कारण तांबडी चिकट माती त्याला खालीं जाऊं देत नाहीं. असा सगळा खडक धरला, तरी शंभर भागांत एक ते तीन भाग पाणीच काय तें हाताला लागतें. जसजसें खोल जावें तसतशा भेगा मिटत जातात. पांचशें फुटांवर एखादी फट लागली तर लागली. पण तिच्यांतलें पाणीहि कोठून तरी वरूनच, सावकाश झिरपत गेलेलें असतें. "पाताळांत समुद्र नाहीं, काका," तो म्हणाला. "खालीं आहे तें साठवणीतलें आहे."

धाकटे भाऊजी सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "तुझें शास्त्र खरें असेल. पण झाडें आज मरताहेत. त्यांना तुझें शास्त्र पाणी घालील का?" या प्रश्नाला पुतण्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्यापैकीं कोणापाशींच नव्हतें. जो माणूस रोज पहाटे उठून झाडांच्या पानांवर हात फिरवितो, त्याच्यापुढें कोट्यवधि वर्षांच्या गोष्टी बोलणें सोपें नाहीं.

निकाल लागला तो शास्त्रानें नव्हे, थोरल्या भाऊजींच्या एका वाक्यानें. ते म्हणाले, "बाग तुझी एकट्याची नाहीं, आणि तिचें नुकसानहि तुझ्या एकट्याचें नाहीं." अर्धी बाग टँकरच्या पाण्यावर जगवावी, अर्धी सोडून द्यावी, टँकरचा खर्च आणि गेलेल्या झाडांची तूट, दोन्ही सामाईक खात्यावर लिहावीं, असें ठरलें. बोअरचे पैसे विहिरीचा गाळ काढण्यांत आणि वरच्या अंगाच्या ओढ्यावर दगडमातीचे बांध घालण्यांत घालावयाचे, म्हणजे पावसाचें पाणी धांवत न जातां मुरमांत शिरेल. धाकटे भाऊजी कबूल झाले, पण मनापासून झाले असें म्हणवत नाहीं. त्याच उन्हाळ्यांत शेजारच्या मळ्यांत तीन बोअर घेतले गेले; दोन कोरडे गेले आणि तिसऱ्याला पाणी लागलें. त्या तिसऱ्याची आठवण ते अजून अधूनमधून काढतात, आणि त्यांना तसा हक्कहि आहे. आमच्या विहिरीचें म्हणाल, तर तिचें पाणी आतां पूर्वीपेक्षां महिनाभर अधिक टिकतें. २०१८ सालीं पाऊस पुन्हां रुसला, तेव्हां मात्र ती पुन्हां तळाला गेली होती. बांधानें पाऊस पाडतां येत नाहीं.

त्याच सुमारास मीं पुतण्याला सहज विचारलें, "अरे, मग आमचा कोंकणांतला जांभा कोठला?" तो हसला आणि म्हणाला, "काकू, तो याच घरचा. रत्नागिरीकडेहि खालीं हाच काळा खडक आहे. कोंकणचा मुसळधार पाऊस आणि उष्ण हवा यांनीं त्यांतलीं पुष्कळशीं द्रव्यें धुवून नेलीं. लोखंड आणि अॅल्युमिनियम मागें राहिलें. लोखंड गंजलें, त्याचा हा तांबडा रंग. इकडे पाऊस कमी, म्हणून तोच दगड कुजून काळी माती झाली." मी स्तब्ध झालें. ज्या दोन रंगांना मी इतकीं वर्षें परके समजत होतें, ते एकाच आगीच्या पोटचे निघाले. एक पावसाच्या घरीं वाढला, दुसरा उन्हाच्या. पाठच्या बहिणी दोन मुलखांत दिल्या, म्हणजे दहा वर्षांनीं त्यांची बोली आणि नेसण ओळखूं येत नाहीं. पण नाकडोळे तेच राहतात, तसाच हा प्रकार.

या सर्व हकीकतीवरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसूं लागली आहे. आगीनें आपल्याला आधार दिला, यांत शंका नाहीं. वेरूळचें कैलास, अजिंठ्याचीं लेणीं, नाशिकचीं पांडवलेणीं, आमच्या साल्हेर-धोडपासारखे किल्ले हे सर्व तिच्याच निवलेल्या रसांतून कोरले गेले. परंतु आपण ज्यावर प्रत्यक्ष जगतों, ती माती आणि तें पाणी आगीनें दिलेलें नाहीं. तें मधल्या शांततेनें दिलें. पाऊस, ऊन, मुळें आणि काळ यांनीं कातळ कुरतडून ही हातभर माती केली. तिच्या बोटभर थराला शतकें लागतात. त्या कुरतडलेल्या सालींत जेवढें पाणी मुरेल, तेवढीच आपली विहीर. गिरणेच्या कांठचा कांदा, डाळिंब, बाजरी, सगळें या पातळ सालीवर उभें आहे. खालीं कितीहि कातळ असो, तो आपल्या उपयोगाचा नाहीं. जुन्या गृहस्थांचा एक दंडक असे, कीं संसार व्याजावर करावा आणि मुद्दल अडीअडचणीला राखावें. दर साल पावसानें मुरतें तें व्याज; खोल फटींत साठलें आहे तें मुद्दल. एका रात्रींत यंत्रानें पांचशें फूट जातां येतें, म्हणून तेथला सांठा एका पावसांत भरून येतो असें नाहीं.

हा हिशेब रोजच्या व्यवहारांत उतरावा, म्हणून आम्हीं एक साधी योजना केली आहे. विहिरींतल्या त्या तांबड्या पट्ट्याच्या वरच्या कडेला गवंड्याकडून चुन्याची ठळक रेघ मारून घेतली. पाणी रेघेच्या वर असेतों शेताला हवें तसें द्यावें. रेघेस टेकलें, कीं बागेला एक दिवसाआड. खालीं गेलें, कीं आधीं माणसें व गुरें, मग बाग. रोज सकाळीं कोणी तरी जाऊन पाहून यावयाचें, आणि घरच्या वहींत आंकडा लिहावयाचा. प्रथम हें काम मुलांकडे दिलें होतें. अलीकडे मात्र मी पाहतें, कीं मुलें उठण्यापूर्वींच धाकटे भाऊजी विहिरीवर जाऊन येतात, आणि वहींतला आंकडा त्यांच्या अक्षरांत असतो.